दस्तगीर मास्तरांचं अक्षर

फटका चुकला. चेंडू होता तिथंच राहिला, स्टिकचं टोक मुरमाड जमिनीत घासलं आणि त्याचा झटका मनगटातून चढत कोपरापाशी येऊन थांबला. मैदानाच्या कडेला दाटीनं उभी असलेली माणसं क्षणभर गप्प राहिली. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांनी त्या चटकन उचलल्या. कुलगुरूंचा फटका चुकतो कसा? तो बसला असंच धरून चालायचं. एका खेळाडूनं तर हॉकीत पाय लावायचा नसतो हे विसरून बुटानं चेंडू हळूच पुढं सारला, आणि सामना सुरू झाला. अण्णारावांनी हसत स्टिक परत केली. हसताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण कान देऊन कसली तरी वाट बघतोय. ‘नजर गेंद पर, अण्णा! नजर गेंद पर!’ ही हाक यायला पाहिजे होती. तीस वर्षांपूर्वी ह्याच मैदानावर फटका चुकला, की ती पलीकडच्या चुन्याच्या रेघेपासून यायची, आणि चेंडू चुकल्यापेक्षा त्या हाकेचीच लाज जास्त वाटायची. आज ती आली नाही. त्यांनी रेघेकडं पाहिलं. तिथं नवे ड्रिल मास्तर उभे होते, खाकी अर्ध्या चड्डीतले, आणि ते टाळ्या वाजवत होते.

मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. हेडमास्तर भाषणात म्हणाले, की आपल्या धाराशिवचा सेंटर हाफ आज विद्यापीठाचा कुलगुरू झाला, ही गावाला भूषणाची गोष्ट आहे. निजामी जाऊन सहा महिने झाले होते आणि आता भाषणं मराठीत होत होती. पूर्वी ह्याच शाळेत, ह्याच मंडपात, ह्याच हेडमास्तरांनी उर्दूत भाषणं केली होती, आणि तीही चांगलीच असायची. अण्णारावांनी सकाळपासून खुर्च्यांची पहिली रांग तीनदा न्याहाळली होती. ती हाक देणारे दस्तगीर मास्तर तिथं नव्हते. ते असावेत असं त्यांना वाटत होतं, आणि नसावेत असंही तितकंच वाटत होतं. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं आणि त्यातलं एकही खोटं नसतं, हे त्यांना ह्या वयात कळत होतं. गळ्यातल्या हारांचा ओला दोरा मानेला लागत होता. कोपर बधिर झालं होतं. ते चोळावं एवढंही त्यांना वाटलं नाही.

पत्र डिसेंबरात आलं होतं, घरच्या पत्त्यावर. जगदेवीनं, त्यांच्या बायकोनं, ते चहाच्या कपाबरोबर आणून ठेवलं आणि म्हणाली, “मास्तरांचं अक्षर न्हाय का हे?” तिला उर्दूचं अलिफही वाचता येत नव्हतं. पण वीस वर्षं दसऱ्याला आणि ईदेला ह्या अक्षराची पत्रं घरात येत होती, आणि न वाचता येणाऱ्याला अक्षराचा चेहरा जास्त चांगला ओळखता येतो. पाठीवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. नुसता पत्ता, उर्दूत, आणि त्यातला लांबडा अलिफ किंचित पुढं झुकलेला, धावायच्या बेतात असलेल्या खेळाडूसारखा. अण्णारावांनी ते लांबूनच ओळखलं. ओळखणार नाहीत तर काय? बरू कसा तासायचा, शाई किती घ्यायची, नुक्ता कसा टेकवायचा हे त्यांना ह्याच हातानं हात धरून शिकवलं होतं. मुरूमच्या लिंगायत आडतदाराचं पोर, घरात कानडी, बाजारात मराठी. त्याला उर्दू येईना म्हणून सगळी शाळा हसायची, तेव्हा खेळाच्या तासानंतर रोज अर्धा तास दस्तगीर मास्तर त्याला पाटी घेऊन मैदानाच्या कडेला बसवायचे. ते ड्रिल मास्तर होते, उर्दू शिकवणं त्यांचं काम नव्हतं. पण सेंटर हाफ नापास झाला तर संघाचं काय, असं ते म्हणायचे. त्याच उर्दूवर पुढं अण्णाराव हैदराबादेस शिकले, गणिताचे प्राध्यापक झाले, मुसज्जिल म्हणजे विद्यापीठाचे रजिस्ट्रार झाले. आणि त्याच उर्दूतलं पत्र त्यांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं, न फोडता कोटाच्या खिशात घातलं. संध्याकाळी जगदेवीनं विचारलं, “काय लिहिलंय मास्तरांनी?” ते म्हणाले, “खुशाली.”

ते न फोडण्याचं कारण त्यांना तेव्हाच माहीत होतं. पुढं तीन महिने त्यांनी ते माहीत नसल्यासारखं केलं, एवढंच. त्या दिवसांत हैदराबादेत कुणी कुणाचं पत्र फोडण्याआधी दहादा विचार करत होता. कालपर्यंत निजामाच्या चाकरीत कोण किती वर चढला, कसा चढला, ह्याच्या याद्या होत होत्या. अण्णारावांची शेरवानी ट्रंकेत गेली, गळाबंद कोट शिवून आला. भिंतीवरचा पदवीदानाचा फोटो जगदेवीनं पुसायला म्हणून काढला आणि परत लावला नाही; दोघांपैकी कुणीच त्यावर बोललं नाही. आणि त्याच दिवसांत कुलगुरूपदासाठी वरती त्यांचं नाव चाललं होतं. धाराशिवकडून, एका मुसलमान ड्रिल मास्तरचं, पाठीवर नाव नसलेलं पत्र. त्यात काहीतरी मागणं असणार. वाचलं की ते पुरं करावं लागणार, किंवा नाकारावं लागणार. न वाचलं तर दोन्ही टळणार. अण्णाराव गणिताचे होते. त्यांना ही मांडणी फार लवकर जमली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी ते पत्र उर्दू अर्जांच्या टोपलीत टाकलं. ही टोपली त्यांच्याच हुकुमानं ठेवली गेली होती. विद्यापीठाचा सगळा पत्रव्यवहार यापुढं इंग्रजीत होईल, इतर भाषांतले अर्ज इंग्रजीत सादर करण्यासाठी परत पाठवावेत, असा तो हुकूम होता, आणि तो वरून आला असला तरी खाली सही त्यांची होती. कारकुनांनी त्यात स्वतःची भर घातली: वरचा पत्ता उर्दू दिसला की पाकीट उघडायचंच नाही, छापील चिठ्ठी टाचायची आणि पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव शोधून परत लावायचं, नाव नसलं तर तिथल्या शाळेच्या नावे. शनिवारी साठ-सत्तर चिठ्ठ्या सहीला आल्या. अण्णाराव सह्या करत गेले. एका चिठ्ठीखालच्या पाकिटावर तो पुढं झुकलेला अलिफ होता. त्यांची लेखणी थांबली, किती वेळ ते सांगता येणार नाही, कारकुनाच्या लक्षात येण्याइतका नक्कीच नाही. त्यांना त्यांचे दुसरे गुरू आठवले, हैदराबादचे गणिताचे जुने मद्रासी प्राध्यापक, ज्यांनी त्यांना कारभार शिकवला. ते म्हणत, नियमावर बोट ठेवून चाला, म्हणजे कुणाला तोंड दाखवायला लाज वाटत नाही. म्हाताऱ्यानं ते चांगल्या मनानं सांगितलं होतं. अण्णारावांनी त्या दिवशी ते आडोशासारखं वापरलं. त्यांनी सही केली, नेहमीसारखी, लेखणी दाबून, आणि पुढची चिठ्ठी ओढली. एका ड्रिल मास्तरांनी चेंडू पुढच्याला द्यायला शिकवलं होतं आणि त्यांनी तो मैदानाबाहेर मारला होता. फेब्रुवारीत ते कुलगुरू झाले.

सामना संपायच्या आतच ते उठले. “मास्तरांकडं जाऊन येतो,” असं त्यांनी हणमंतप्पाला सांगितलं. हणमंतप्पा त्यांच्या वेळचा गोलकीपर, आता इथला मोठा कापूस आडतदार. पाहुणे त्याच्याच घरी उतरले होते. सकाळपासून तो अण्णारावांना ‘तुमी’ म्हणत होता आणि दर वेळी ते त्याच्या जिभेला अडत होतं. त्यानं मोटार काढतो म्हटलं, अण्णाराव नको म्हणाले, तेव्हा तो पायीच बरोबर निघाला. हातात जगदेवीनं दिलेला पितळी डबा होता, शेंगापोळ्यांचा. ती स्वतः आली नव्हती, तिला ताप होता, पण डबा भरताना तिनं बजावलं होतं, “हा खाजाला द्या. गेल्या साली आपल्याकडं सात खाल्ल्या होत्या त्यानं, मोजून. मास्तरांना दोनच द्या, त्यांना पचत न्हाईत.” खाजा मास्तरांचा मुलगा, उतारवयात झालेला, एकुलता एक. गेल्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हैदराबादेत आंतरकॉलेज सामन्यांची अंतिम लढत होती. खाजा डाव्या बगलेला खेळला. शेवटच्या तीन मिनिटांत त्यानं रेघेलगत चेंडू असा काही आणला, की खेळमंडळाचे अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसलेले अण्णाराव, मुसज्जिलपण विसरून, उभे राहून ओरडले. कप त्यांनीच दिला. दिला तेव्हा खाजा खाली वाकून पाया पडला आणि म्हणाला, “अब्बा पूछेंगे, नजर किधर थी. आप बताना.” रात्री तो घरी जेवायला आला, सात शेंगापोळ्या खाल्ल्या, जगदेवीला हसवून हसवून बेजार केलं, आणि पहाटेच्या गाडीनं गेला. अण्णारावांना मूलबाळ नव्हतं. त्या रात्री जगदेवी उशिरापर्यंत भांडी आवरत होती आणि मध्येच थांबत होती, ते त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

दर्ग्याच्या अलीकडच्या वळणावर हणमंतप्पा थांबला. “अण्णाराव, एक सांगू का? तुमाला ठावं असंल म्हणून म्या सकाळधरनं बोललो न्हाय.”

“काय?”

“खाजा गेला.”

“कुठं?” अण्णारावांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं.

“गेला म्हंजे गेला. छावणीत हुता, कैदंत. माघात हगवण लागली सगळ्यायला. आठ दिवसांत संपला. म्या डबा घेऊन जायचो दर बेस्तरवारी, तर एका बेस्तरवारी डबा घेतलाच न्हाय त्येंनी.” हणमंतप्पा रस्त्याकडं बघत बोलत होता. “पोलीस ॲक्शन झाल्यावर धरला त्याला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एका गावात रझाकारांनी खळी जाळली, दोन माणसं मारली. त्यात मास्तरचा पोरगा हुता म्हणून कुणी तरी नाव घातलं. मास्तर ड्रिल शिकवायचे ना पोरायला, मंग काय, रझाकारायलाच शिकवली म्हणायला कितीसा वेळ लागतो? आमी पाच-धा जणांनी सांगून पाह्यलं, की पोरगा त्या दिवशी हैदराबादेत खेळत हुता. सायेब म्हणला, कागद आणा. विद्यापीठाचा कागद आणा, त्या दिवशी हितं हुता म्हणून. बस, दोन वळी.” तो थांबला. “मास्तरांनी तुमाला लिवलं हुतं की.”

अण्णारावांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“ते वापस आलं, शाळंच्या नावानं. पाठीवर नाव नव्हतं, पर हेडमास्तरांनी अक्षर ओळखलं. वर विंग्रजी चिठ्ठी. म्याच वाचून दावली मास्तरला. मंग म्हणलं, म्या जातो हैदराबादेला, तुमच्यापाशी. तर मास्तर म्हणले, नको. विंग्रजीत पायजे तर विंग्रजीत लिवू. वकिलाकडनं लिवून घेऊस्तोवर...” त्यानं हात हलवला. “तुमची काय चूक न्हाय, साहेब. तुमच्यापत्तूर कागद पोचलाच नसंल.”

साहेब. सकाळच्या ‘तुमी’पेक्षा हे एक पाऊल आणखी लांब होतं. अण्णारावांना वाटलं, आता छातीत काही तरी व्हायला पाहिजे. काही झालं नाही. समोर एका घराच्या चौकटीला नवं पांढरं लाकूड होतं, भिंत मात्र वरपर्यंत काळी. त्याच्या पुढच्या घरालाही तसंच. ते दारं बघत राहिले. बघता बघता चौकटी मोजायला लागले, आणि मोजतोय हे कळल्यावरही थांबले नाहीत. सात झाल्यावर गल्ली वळली. हणमंतप्पा म्हणाला, “म्या हितंच थांबतो. तुमी जाऊन या.” आणि तो एका ओट्यावर बसला, पाय सोडून, पूर्वी गोलात कंटाळून बसायचा तसा.

मास्तर दारातच होते, वेताच्या खुर्चीत. दाढी पुरती पांढरी झाली होती आणि मान बारीक. अण्णाराव वाकले तसे त्यांनी दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. “आव, आव. फटका चुका बोलते आज?” ते म्हणाले. बातमी त्यांच्या आधी येऊन पोहोचली होती. “उमर हुई. घुटना पहले जाता, नजर बाद में.” आतल्या दारावर जाड पडदा होता. त्याच्या पलीकडं बांगड्या वाजल्या. मास्तरांची बायको, तिला अण्णाराव लहानपणापासून अम्माजी म्हणत आणि ती त्यांच्यापुढं कधी पडद्यात राहिली नव्हती. आज ती बाहेर आली नाही. अण्णारावांनी डबा पडद्याखाली सरकवला. “जगदेवीनं दिलाय,” ते म्हणाले, आणि कुणासाठी दिलाय ते म्हणाले नाहीत. एक हात आला, डबा आत गेला.

बसायला त्यांना तेच जुनं बाकडं मिळालं. ह्याच बाकड्यावर एकदा त्यांचे वडील बसले होते, गुंडप्पा, मुरूमहून बैलगाडीनं तणतणत आलेले. पोरानं हॉकी सोडावी म्हणून. त्यांचं म्हणणं साधं होतं: गळ्यात इष्टलिंग आहे, धावताना उसळतं, दोरा तुटून मैदानात पडलं तर पोराच्या जन्माचं काय? लिंगायताचं लिंग अंगावेगळं झालं की जगण्याला अर्थ नाही, एवढं ह्या मास्तरला कळतं का? मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून जाड खादीचा एक पट्टा शिवून आणला, मधोमध खिसा असलेला, छातीला आवळून बांधायचा. पण तो त्यांनी स्वतः अण्णाच्या छातीला लावला नाही. पट्टा गुंडप्पांच्या हातात देऊन ते पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, “आपण बांधा. माझा हात त्याला लागायचा नाही.” वडिलांनी बांधला, पोराला जागच्या जागी दहा उड्या मारायला लावल्या. लिंग हललं नाही. गुंडप्पा कानडीत स्वतःशीच काही बोलले आणि गाडी जुंपायला सांगून निघून गेले. पुढं पाच वर्षं अण्णा तो पट्टा बांधून खेळला. आईनं, लक्ष्मम्मानं, दर वर्षी नवा शिवला, मास्तरांच्या मापानं. ह्या माणसाचं आपण काय देणं लागतो, असा विचार अण्णारावांच्या मनात कधी आला नव्हता, कारण तो घरातलाच होता. घरातल्या माणसाचं पत्र न वाचता ठेवता येतं. तो रागावणार नाही असं आपण धरून चालतो.

“खाजाचं आताच कळलं मला,” अण्णाराव म्हणाले.

“हौ.” मास्तर म्हणाले. “अल्ला की मर्जी.” मग उशाखाली हात घालावा तसा त्यांनी खुर्चीवरच्या चादरीच्या घडीखाली हात घातला आणि पाकीट काढलं. वर छापील चिठ्ठी अजून टाचलेली होती, खाली सही होती, दाबून केलेली. “ये देखो. बंद का बंद वापस आया. मैं तुम्हारी अम्माजी कू बोल्या, उसके हाथ लग्याच नइ. दफ्तर में हजार कागदां आते. दस्तखत का क्या है, आदमी आँख मूँद के करता. मगर इनो मानते नइ.” ते पडद्याकडं बघून म्हणाले. “इनो बोलते, पढ्या होंगा, फिर बंद करके भेज्या होंगा. मैं बोल्या, अण्णाराव पढता तो दौड के आता. चिठ्ठी नइ, खुद आता. है ना?”

अण्णाराव म्हणाले, “मी वाचलं नाही, मास्तरसाब.”

हे खरं होतं. शब्दाला शब्द खरं होतं. ह्याहून खरं वाक्य त्यांना त्या वेळी बोलता आलं नसतं, आणि ह्याहून खोटंही. मास्तरांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पडद्याकडं वळून हात पसरले, जणू तीन महिन्यांचं भांडण जिंकले. “सुन्या? सुन्या तुमने? मैं क्या बोलता था?” पडद्याआडून काही आवाज आला नाही.

इथंच उठावं, असं अण्णारावांना वाटलं. इथं उठलं तर हा म्हातारा समाधानानं मरेल, आपणही हैदराबादेस जाऊ, जगदेवीला खाजाचं सांगू, ती रडेल. एक सबंध आयुष्य ह्या एका खऱ्या वाक्यावर उभं राहू शकलं असतं. त्यांनी पाय सावरले. पण मास्तरांनी पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

“मैंने खोल्या नइ. मेरे हाथ का लिख्या है, मगर तुम्हारा है. जिसका खत वोइच खोलना. अब पढो. जरा आवाज से पढो, इनो कू भी मालूम होना, मैं क्या लिख्या था. इनो बोलते, तुमने ठीक से लिख्याच नइ होंगा.”

पाकिटाचा डिंक वाळून गेला होता, ते चटकन उघडलं. आत एकच कागद होता, एका बाजूनं लिहिलेला, नऊ-दहा ओळी. अण्णाराव वाचायला लागले. उर्दू जिभेवर यायला त्यांना काही वेळ लागला नाही. “अजीजम अण्णाराव, दुआ. सुनने में आया कि बडी कुर्सी के लिए तुम्हारा नाम है. खुशी हुई. सेंटर हाफ की जगह वही होती है, जहाँ से पूरा मैदान दिखे...” मास्तरांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, एकेका ओळीला एकेक, पूर्वी मैदानाच्या कडेला ते शुद्धलेखन घालायचे तेव्हा हलत तशी.

चौथी ओळ जिभेवर यायच्या आधी डोळ्यांना दिसली. ‘लिफाफे पर अपना नाम मैंने नहीं लिखा. इन दिनों हमारे नाम के लिफाफे रास्ते में खुल जाते हैं. मगर मेरे हाथ का लिखा तुम दूर से पहचान लोगे, इसलिए फिक्र नहीं.’ 

श्वास घ्यायला थांबावं एवढाच वेळ अण्णाराव थांबले. मग पाचव्या ओळीवर गेले. “खाजा को पकड के ले गए हैं. संक्रांत के दूसरे दिन का इल्जाम है. उस दिन वह तुम्हारे मैदान में था, कप तुमने अपने हाथ से दिया. दो सतरें लिख दो, बस. न लिख सको तो भी कोई गिला नहीं, अंपायर का फैसला अंपायर का होता है. बहू को दुआ कहना. तुम्हारा, दस्तगीर.”

कागदाची घडी करावी की तसाच धरून ठेवावा हे त्यांना कळेना. पडद्यामागून बाईचा आवाज आला, रडका नव्हे, नुसता कोरडा. “इत्ताच था?” ती म्हणाली. “इत्ता पढने कू कित्ता वखत लगता?”

मास्तरांची बोटं गुडघ्यावर थांबली होती. त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून हलवली, एक, दोन, तीन, आणि चौथ्यावर अंगठा टेकवून ठेवला. डोळे त्यांनी उघडले नाहीत. गल्लीतून कुणी तरी शेळ्या हाकत नेल्या, त्यांच्या खुरांचा आवाज दारासमोरून जाऊन पलीकडं विरला.

“एक सतर छूटी,” मास्तर म्हणाले.

आवाजात राग नव्हता. शुद्धलेखन तपासताना असायचा तोच आवाज होता. अण्णारावांनी कागद उजेडाकडं धरला, बोटानं जागा शोधली, खरं तर शोधायची गरज नव्हती, आणि ती ओळ वाचली. वाचताना ‘पहचान लोगे’ ह्या शब्दांवर त्यांचा आवाज इतका खाली गेला, की तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

मास्तरांनी मान पडद्याकडं वळवली, मग परत त्यांच्याकडं. “अंदर सुनाई नइ दिया,” ते म्हणाले. “फिर से. जोर से पढो.”

अण्णाराव उभे राहिले, वर्गात उभं राहावं तसे, आणि मोठ्यानं वाचलं.